नऊ फुटांचं वावर

कंपनीतून रिटायर झाल्यावर तिसऱ्याच दिवशी त्रिंबकनं घरासमोरच्या मोकळ्या जागेत टिकाव घातला, आणि तिसऱ्याच घावाला पाण्याचा पाइप फोडला.

२००९ सालचा मे महिना होता. त्यांच्या गल्लीत एक दिवसाआड पाणी यायचं आणि तो नेमका पाण्याचा दिवस निघाला. फवारा पुरुषभर उंच उडाला. शेजारच्या आवडाबाईंनी दारापुढं बाजेवर कुरडया वाळत घातल्या होत्या, त्या सगळ्या फवाऱ्याखाली सापडल्या. तीन दिवस गहू भिजवून, वाटून, चीक काढून, पहाटे उठून शिजवून घातलेल्या कुरडया पाच मिनिटांत पुन्हा चीक होऊन बाजेच्या खाली गळायला लागल्या.

आवडाबाई दारात आल्या. त्यांनी बाजेकडं बघितलं, मग त्रिंबककडं बघितलं. तो मांडी घालून त्या पाण्यातच बसला होता आणि दोन्ही तळव्यांनी पाइप दाबून धरत होता. डोक्यापासून पायापर्यंत चिखल.

"काय चाललंय भावजी?"

"वावर खांदतोय," त्रिंबक म्हणाला आणि हसला. त्याला खरंच हसू येत होतं, त्याच्या हातात नव्हतं ते. पण आवडाबाईंना ते हसणं लई लागलं. पुढं दीड महिना त्या त्याच्याशी बोलल्या नाहीत.

त्रिंबक एकोणतीस वर्षं वाळूजच्या एका कारखान्यात लेथवर होता. लोखंडाचा दांडा फिरवायचा आणि केसाएवढा फरक राहू न देता कापायचा, हे त्याचं काम. बजाजनगरातलं त्याचं रो-हाऊस म्हणजे दोन खोल्या, वर पत्र्याचा जिना, आणि समोर रस्त्याला लागून लोखंडी ग्रिलच्या आत चार फूट रुंद, नऊ फूट लांब एवढी उघडी जमीन. इतकी वर्षं तिथं स्कूटर उभी राहायची. बानाबाईचं, म्हणजे त्याच्या बायकोचं म्हणणं होतं की आता तिथं फरशी घालावी.

"फरशीवर काय उगवतं?" त्रिंबकनं विचारलं.

"काय उगवायचंय तुम्हाला या वयात?"

"मेथी. वांगं. कोथमीर." तो बोटांवर मोजत होता. "दोडका. टमाटे. एक मिरचीचं झाड."

बानाबाई त्याच्याकडं बघत राहिली. दोघंही धनगराच्या घरातले. दौलताबादच्या पाठीमागच्या डोंगरात त्यांच्या वाडवडिलांनी मेंढरं राखली. मेंढरांची नावं, मेंढरांची दुखणी, कोणत्या महिन्यात कोणत्या रानात काय चारा, हे सगळं त्यांच्या घराण्याला पाठ होतं. पण जमीन? त्रिंबकच्या सात पिढ्यांत कुणाच्या नावावर वीतभर जमीन नव्हती, कुणी बी पेरलं नव्हतं आणि कुणी उगवलेलं आपलं म्हणून तोडलं नव्हतं. हे रो-हाऊस घेतलं तेव्हाही त्रिंबकच्या मनात घर होतं, जमीन नव्हती. रिटायर व्हायच्या महिनाभर आधी एकदा स्कूटर बाजूला घेताना त्याचं खाली लक्ष गेलं आणि त्याच्या डोक्यात एकदम आलं, की ही आपली आहे. त्या दिवशी कामावर त्याचे दोन जॉब, म्हणजे कापायला घेतलेले दांडे, बिघडले. एकोणतीस वर्षांत असं झालं नव्हतं.

पाइप दुरुस्त झाला. मग कळलं की ती जमीन जमीनच नव्हती. बिल्डरनं विटांचे तुकडे, मुरूम, सिमेंटचे गोळे आणि एक फुटका कमोड तिथंच पुरून वर मातीचा हात फिरवला होता. त्रिंबकनं सगळं उपसलं. खड्डा गुडघ्याएवढा झाला. येणारे-जाणारे विचारायचे, "टाकी बांधताय का?" तो म्हणायचा, "नाय, शेती."

त्याच्याबरोबर काम केलेला रामकिसन हर्सूलला राहायचा. तलावाच्या कडेचा गाळ लोक वावरात घालायला नेत होते, त्यातली वीस पोती रामकिसननं टेम्पोतून आणून दिली. काळाभोर, लोण्यासारखा गाळ. त्रिंबकनं तो हातानं पसरला, वास घेतला आणि बानाबाईला बोलावून तिलाही वास घ्यायला लावला. मग त्यानं सगळ्यावर मनसोक्त पाणी सोडलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाळ हलायला लागला. आधी एका जागी फुगवटा आला, तो फुटला आणि त्यातून एक बेडूक डोळे चोळल्यासारखा वर आला. मग दुसरा. मग नारळाएवढा एक दांडगा, पिवळा. उन्हाळ्यात गाळात निजलेले बेडूक पाणी लागल्यावर जागे झाले होते. एकूण सात निघाले. त्यातले तीन स्वयंपाकघरात गेले आणि दांडगा पिठाच्या डब्यामागं बसून दुपारभर ओरडत राहिला. बानाबाई खुर्चीवर उभी राहून सूचना करत होती, त्रिंबक टोपलं घेऊन मागं धावत होता आणि मधूनच म्हणत होता, "माती जिवंत हाय, बाना. माती जिवंत हाय."

जूनच्या शेवटी त्यानं पेरणी केली. लेथवरच्या माणसाची पेरणी. दोरी ताणून ओळी आखल्या, स्टीलच्या पट्टीनं अंतर मोजलं, दर दोन ओळींत पंधरा सेंटिमीटर. मेथी चौथ्या दिवशी आली. त्या दिवशी त्यानं चहा तिथंच, ग्रिलला टेकून घेतला. सकाळी हिरवा ठिपकाही नव्हता आणि संध्याकाळी ओळ दिसत होती. त्याच्याकडं स्वतःचं व्हर्नियर होतं, मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागापर्यंत मोजणारं. तो रोज सकाळी आंघोळीआधी एक मेथीचं रोप मोजायचा आणि आत येऊन आकडा सांगायचा.

"कालच्यापेक्षा सात पॉइंट चार जास्त."

"बरं," बानाबाई म्हणायची. पण चार दिवसांनी तो सांगायला विसरला तर तिनंच विचारलं, "आज किती?"

कोथिंबीर मात्र येईना. दहा दिवस झाले, बारा झाले. त्रिंबक रोज त्या ओळीपुढं उकिडवा बसायचा. तेराव्या दिवशी त्याला राहवलं नाही. त्यानं बोटानं माती उकरून एक धणा बाहेर काढला, उलटसुलट केला, परत पुरला. मग दुसरा काढला.

मधल्या भिंतीपलीकडं आवडाबाई भांडी घासत होत्या. त्यांचं माहेर गंगापूर तालुक्यातलं, घरची चौदा एकर बागायत. मुलाच्या नोकरीसाठी त्या इथं येऊन राहिल्या होत्या आणि रोज भिंतीवरून हा सगळा प्रकार मुकाट बघत होत्या. धणे उकरून बघणारा माणूस मात्र त्यांना सहन झाला नाही.

"आख्खे टाकले का?" त्यांनी भिंतीपलीकडून विचारलं.

त्रिंबक दचकला. "काय?"

"धणे. आख्खे टाकले का?"

"व्हय. कसे टाकायचे?"

"रगडून दोन फाका करायच्या असतात. चपलीखाली रगडतात. आख्खा धणा रुसून बसतो."

"चपलीखाली? खायची वस्तू?"

"मग बसा उकरत," आवडाबाई म्हणाल्या आणि आत गेल्या. पण बोलणं सुरू झालं ते सुरूच झालं. त्रिंबकनं लाटण्याखाली धणे रगडून नव्यानं पेरले, ते आठ दिवसांत आले. त्यातली पहिली जुडी त्यानं आवडाबाईंच्या दारात नेऊन दिली. जुडी म्हणजे सहा काड्या होत्या. त्यांनी त्या वरणावर घातल्या आणि कुरडयांचा विषय काढला नाही.

त्यानंतर सल्ला भिंतीवरून रोज यायला लागला, आणि त्यातूनच पुढचा घोटाळा झाला. वांग्याची बारा रोपं पिवळी पडली होती. आवडाबाईंनी डबाभर युरिया दिला आणि सांगितलं, "झाडाला चिमूटभर घाला, बुडापासून लांब." त्याच वेळी रस्त्यावरून भंगारवाला ओरडत चालला होता. त्रिंबकच्या कानावर 'मूठभर' पडलं. त्यानं मोजून, अगदी बुडाशी, बारा मुठी घातल्या आणि उरलेला युरियाही डबा झटकून टाकला. तिसऱ्या दिवशी पानांच्या कडा भाजल्यासारख्या झाल्या, पाचव्या दिवशी आठ झाडं काडी होऊन उभी राहिली. त्या रात्री तो जेवला नाही.

"चार राहिलीत की," बानाबाई म्हणाली.

"चार राहिली," तो म्हणाला. "आठ मी मारली."

बानाबाई उठली आणि दुसऱ्या दिवशी भाजीबाजारातून नवी रोपं घेऊन आली. सांगितलं कुणी नव्हतं तिला. स्वतःच ती मातीत बसली, अंगठ्यानं खड्डे केले आणि लावून टाकली, दोरी न ताणता. ओळ वाकडी झाली. त्रिंबकनं दोनदा पट्टी उचलली आणि दोनदा खाली ठेवली.

दिवाळीपर्यंत त्या चार बाय नऊ फुटांत पाय ठेवायला जागा राहिली नाही. मेथी दोनदा खुडून झाली. टमाट्याला सुतळीनं बांधावं लागलं. दोडक्याचा वेल ग्रिलवर चढून रस्त्याकडं डोकावायला लागला आणि वाकड्या ओळीतल्या एका वांग्याला पहिलं फळ धरलं, अंगठ्याच्या पेराएवढं. जांभळं, वर काटेरी टोपी. त्रिंबकनं ते झाडावरच मोजलं. एकतीस पॉइंट चार. हा आकडा त्यानं पानाच्या टपरीवर सांगितला, किराणा दुकानात सांगितला आणि रामकिसनला फोन करून सांगितला.

"खाणार कधी?" रामकिसननं विचारलं.

"पाडव्याला खाणार होतो. पण अजून दोन दिवस थांबतो. वाढतंय."

दिवाळी होऊन आठवडा झाला होता. सकाळचे दहा. बानाबाई दळण घेऊन गिरणीत गेली होती आणि जाताना तिच्याकडून ग्रिलचं दार नुसतं लोटलं गेलं होतं. त्रिंबक आंघोळ करत होता. पाणी अंगावर घेताना त्याला बाहेरून एक आवाज ऐकू आला. बारीक घुंगरांचा, आणि त्याखाली दात दातावर घासल्याचा, सावकाश, एकसारखा. तो आवाज त्याच्या इतका ओळखीचा होता की क्षणभर त्याला बरंच वाटलं. लहानपणी तो याच आवाजात झोपायचा.

मग त्याच्या हातातला तांब्या खाली पडला.

तो टॉवेल गुंडाळून बाहेर धावला. रस्ता मेंढरांनी भरला होता, दीडशे तरी असतील, आणि त्यातली नऊ ग्रिलच्या आत होती. मेथी गेली होती. कोथिंबीर गेली होती. टमाट्याचं झाड सुतळीसकट एकीच्या तोंडात होतं. एक मेंढी मागच्या पायांवर उभी राहून दोडका ओढत होती. वाकड्या ओळीत नुसती खुंटं होती.

त्रिंबकनं कोपऱ्यातला फरशी पुसायचा वायपर उचलला आणि ग्रिलवर आपटला. मेंढरांमागून चाळिशी ओलांडलेला एक माणूस धावत आला. डोक्याला लाल मुंडासं, खांद्यावर घोंगडं.

"डोळे फुटले का रे तुझे?" त्रिंबक ओरडला. "वावर काय बापाचं समजलास का? राखता येत नाय तर मेंढरं पाळता कशाला? फुकटखाऊ जात सगळी."

तो माणूस जागीच थांबला. त्यानं काठी काखेत मारली आणि दोन्ही हात जोडले.

"चुकलं मालक," तो म्हणाला.

त्रिंबकचा वायपर वरच राहिला. तो जे ओरडला होता ते शब्द त्याचे नव्हते. ते त्यानं नऊ वर्षांचा असताना ऐकले होते, दौलताबादच्या खालच्या अंगाला, एका हरभऱ्याच्या वावरात. शब्द न् शब्द तेच. तेव्हा हात जोडलेला माणूस त्याचा बाप होता आणि बापाच्या मागं, घोंगड्याचं टोक धरून, तो स्वतः होता. पन्नास वर्षं ते बोलणं त्याच्या पोटात बसलं होतं आणि आज त्याच्याच तोंडातून निघालं. आणि मालक? मालक त्याला आजवर कुणी म्हटलं नव्हतं.

तो पायरीवर बसला. टॉवेल ओला, अंगावर साबण वाळलेला.

"बस," तो म्हणाला.

"मेंढरं काढू द्या आधी मालक."

"खाल्लं त्यांनी. आता काय राहिलंय? बस. मालक म्हणू नको."

मेंढक्याचं नाव पुंजाराम. खुलताबादच्या बाजूनं निघाला होता, गोदाकाठाला चालला होता. तिकडं कापूस निघाला की शेतकरी मेंढरं बसवायला बोलावतात. रात्रभर मेंढरं वावरात बसली की लेंड्या आणि मूत मातीत मुरतं, त्यासारखं दुसरं खत नाही, आणि मेंढक्याला त्याबदली धान्य मिळतं. हमरस्त्याचं काम चालू होतं म्हणून त्यानं कळप वसाहतीतून घातला होता. कारखान्यांच्या मागं मोकळ्या प्लॉटवर तीन दिवस मुक्काम करायचा होता, एक मेंढी लंगडत होती तिच्यासाठी.

"तुम्ही कुणाकडले?" पुंजारामनं हळूच विचारलं. दोडका कुठल्या मेंढीनं ओढला ते सांगताना त्रिंबकनं 'चौसा' म्हटलं होतं, चार दातांची मेंढी, आणि तो शब्द शहरातल्या माणसाच्या तोंडात त्यानं कधी ऐकला नव्हता.

त्रिंबकनं वाडीचं नाव सांगितलं, बापाचं नाव सांगितलं. पुंजारामनं बापाचं नाव ऐकलेलं होतं. तो म्हणाला, "भरपाई म्हणून एक कोकरू घ्या पाव्हणं. माझ्या मनाला बरं वाटंल."

 त्रिंबक त्या उजाड चार बाय नऊकडं बघत होता. मग एकदम उठला. टॉवेल सावरत त्यानं मधून एक फेरी मारली, कोपऱ्यात थांबला, परत आला.

"कोकरू नको," तो म्हणाला. "मेंढरं बसव."

"कुठं?"

"हितं."

पुंजारामनं जमिनीकडं बघितलं, ग्रिलकडं बघितलं, मग त्रिंबकच्या तोंडाकडं बघितलं, हा चेष्टा करतोय का म्हणून.

"छत्तीस चौरस फूट हाय," त्रिंबक घाईघाईनं सांगायला लागला. "बसलेल्या मेंढीला तीन फूट बाय दीड फूट लागतं. म्हणजे आठ बसतात."

"पाच," पुंजाराम म्हणाला. "मेंढरू काय लोखंड हाय का पाव्हणं? त्याला कड बदलायला जागा लागती. पण रात्री नाय सोडणार मी. दुपारची बसवू, अकरा ते चार. तीन दिवस."

"धान्याचं काय?"

"भाकर घाला. लसणाची चटणी असली तर बघा."

पाच मेंढ्या आत ठेवून ग्रिल लावलं. पुंजाराम बाकीचा कळप मुक्कामावर सोडायला गेला. त्रिंबक कपडे घालायला आत गेला आणि घराचं दार उघडं राहिलं.

बानाबाई डोक्यावर पिठाचा डबा घेऊन आली तेव्हा तिच्या बागेत चार मेंढ्या रवंथ करत बसल्या होत्या आणि पाचवी दिवाणखान्यात होती. गुळगुळीत फरशीवर तिचे चारी खूर चार दिशांना जात होते. ती उभी राहायची, घसरायची आणि टीव्हीच्या स्टँडला धडकायची. भिंतीवरचं कॅलेंडर तिनं खाली ओढलं होतं, नोव्हेंबर खाल्ला होता आणि डिसेंबर तोंडात होता. त्रिंबक एक पाय पँटीत घालून तिच्यामागं उड्या मारत होता.

बानाबाईनं डबा उंबऱ्यावर ठेवला, पदर खोचला, दोन पावलं आत आली आणि वाकून मेंढीचा मागचा पाय बरोबर गुडघ्याच्या वर पकडला. दुसरा हात गळ्याखाली. मेंढी तिथल्या तिथं गप्प झाली. तीस वर्षं तिनं मेंढरू धरलं नव्हतं.

तिनं तिला सोडलं नाही लगेच. पोटाखाली हात घातला, लोकर बोटांनी चाचपली.

"गाभण हाय ही," ती म्हणाली. "दोन महिन्यांची." आणि मग नवऱ्याकडं बघून, "बागेचं काय झालं?"

"खाल्ली."

"सगळी?"

"सगळी. आता खत टाकतायत."

बानाबाई जी हसायला लागली ती मेंढीला धरून खालीच बसली.

तोवर गल्ली जमली होती. आवडाबाई भिंतीवरून निम्म्या अलीकडं वाकल्या होत्या. त्यांचा चेहरा उजळला होता. "आमच्या वावरात दर साल बसायची," त्या सगळ्यांना सांगत होत्या. "दोनशे, दोनशे. पुढल्या साली गहू छातीला लागायचा. भावजी, उद्या दोन माझ्या जास्वंदीपाशी बसवा. पाच तुमच्या, दोन माझ्या."

समोरच्या घराच्या वरच्या मजल्यावर एक बँकेतले गृहस्थ राहायचे. ते नाकाला रुमाल लावून गॅलरीत आले आणि हा रहिवासी भाग आहे, इथं जनावरं बांधता येत नाहीत, असं म्हणाले.

"बांधलीत कुठं, बसलीत," आवडाबाई म्हणाल्या. "तुमच्या गुलाबाला फूल का येत नाही ते तुम्ही मला चारदा विचारलंय. लेंड्या पाहिजेत का नकोत, तेवढं सांगा."

गृहस्थ आत गेले. तिसऱ्या दिवशी दुपारी त्यांच्याकडून एक रिकामी बादली खाली आली.

तीन दिवस मेंढ्या बसल्या. बानाबाईनं तीन दिवस भाकरी केल्या, ठेचलेल्या लसणाची चटणी केली, आणि पुंजाराम पायरीवर बसून जेवताना ती कुठली मेंढी किती वेळा व्याली ते विचारत राहिली. चौथ्या दिवशी पहाटे कळप गेला. त्रिंबकनं लेंड्या मातीत कालवल्या, पाणी दिलं आणि पंधरा दिवस हात लावला नाही. पट्टी आणि व्हर्नियर त्यानं कपाटात ठेवून दिलं होतं. वास मात्र आठ दिवस गल्लीत राहिला आणि पाव्हणेरावळे आले की बानाबाई आधीच उदबत्ती लावायची.

मग त्यानं मेथी आणि पालक नव्यानं, हातानं फेकून पेरले, आणि जे उगवलं ते बघायला लोक मुद्दाम त्या रस्त्यानं यायला लागले. खुंट उरलेल्या वांग्यांना बुडापासून फुटवे आले, एकेका झाडाला पाच-पाच. पालकाचं पान पोळीएवढं झालं. मेथी इतकी दाट आली की आवडाबाईंनी, बँकेच्या गृहस्थांनी आणि पलीकडच्या दोन घरांनी नेऊनही उरली. आणि एका कोपऱ्यात कुणीच न लावलेला एक भोपळ्याचा वेल निघाला. बानाबाई भाजी धुतलेलं पाणी तिथं टाकायची, त्यातलं बी असणार. वेल आठ दिवसांत ग्रिल चढला आणि पंधरा दिवसांत रस्त्याकडून परत फिरून आत आला.

फुलं यायची आणि गळायची. आवडाबाईंनी भिंतीवरून सांगितलं की नराचं फूल तोडून मादीच्या फुलाला लावा, इथं मधमाशा कुठून येणार. त्रिंबकनं पहाटे उठून लाजतलाजत ते केलं. चार दिवसांत एका फुलाखालची गाठ लिंबाएवढी झाली.

"बोट दाखवू नका," आवडाबाई म्हणाल्या. "मोजू बी नका. भोपळ्याला बोट दाखवलं की कुजतो. कापड टाका त्याच्यावर आणि विसरून जा."

त्रिंबकनं बानाबाईचं जुनं लुगडं त्यावर टाकलं. विसरणं त्याला जमलं नाही, पण कापड उचललं नाही. रोज तो लुगड्याचा फुगवटा लांबून बघायचा. फुगवटा वाढत होता. मार्चमध्ये एका सकाळी आवडाबाई म्हणाल्या, "आता देठ वाळला असंल. बघा."

त्यानं लुगडं काढलं. भोपळा घागरीएवढा होता, पिवळाधमक, वर पांढुरका थर. आणि तो ग्रिलच्या दोन गजांत धरलेला होता. लहान असताना मधोमध लोंबत होता, मग दोन्हीकडं फुगला. गज त्याच्या अंगात रुतले होते. निम्मा भोपळा आत होता, निम्मा रस्त्यावर. पुढं ओढला तर मागचा अडत होता, मागं ओढला तर पुढचा.

अर्ध्या तासात वीस माणसं जमली. कुणी म्हणालं गजाला तेल लावा. कुणी म्हणालं जॅक लावून गज वाकवा. एका पोरीनं भोपळ्याबरोबर स्वतःचा फोटो काढून घेतला. त्रिंबक आतून हॅकसॉ घेऊन आला.

"बारा मिलीचा गज हाय," तो म्हणाला. त्याच्या कपाळावर घाम होता. "दोन ठिकाणी कापला की भोपळा आख्खा निघतो. मग परत वेल्डिंग मारतो. कळणार बी नाय."

"आणि तो आख्खा आत नेऊन काय करता?" बानाबाईनं विचारलं. तिच्या हातात विळा होता.

 त्रिंबकला तो फक्त आख्खा पाहिजे होता. एकदा दोन्ही हातांत घेऊन बघायचा होता.

बानाबाईला ते कळलं असावं. तिनं विळा खाली ठेवला. "आधी धरून बघा," ती म्हणाली. "हितंच."

त्यानं हॅकसॉ बाजूला ठेवला. एक हात गजांतून बाहेर घातला, एक आत ठेवला, आणि भोपळा दोन्हीकडून धरला. थंडगार होता, आणि जड. त्यानं किंचित उचलून बघितला. 

"बारा किलो तरी असंल," तो शेवटी म्हणाला.

मग आवडाबाई विळी घेऊन रस्त्याच्या बाजूनं आल्या आणि बानाबाई आतल्या बाजूनं. बाहेरचा निम्मा रस्त्यावरच फोडी होऊन वाटला गेला. बँकेचे गृहस्थ दोन फोडी वर घेऊन गेले, पानाच्या टपरीवाल्यानं एक नेली, फोटो काढणाऱ्या पोरीला तिच्या आईसाठी मोठी मिळाली. आतल्या निम्म्याचे बानाबाईनं घारगे केले. कढईपाशी ती आणि आवडाबाई, एक लाटतेय, एक तळतेय, आणि त्रिंबक गरम घारगा हातावर झेलत दारात उभा राहून रस्त्यानं जाणाऱ्या प्रत्येकाला आत बोलावत होता.

भोपळा तसा सपक होता. कुणी ते बोललं नाही. बानाबाईनं दुसऱ्या घाण्याला गूळ वाढवला आणि घारगे संध्याकाळपर्यंत पुरले.